नाताळ, नोकरी आणि दोन पोरं: यंदा काय करायचं, काय सोडायचं?

वसईवाली | १ डिसेंबर, रात्री ११:५२

काल आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीचे आधीचे चार आठवडे) पहिला रविवार झाला, घरी पहिली जांभळी मेणबत्ती लागली आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हणजे आता चार आठवडेसुद्धा नाहीत. मेणबत्ती लावून प्रार्थना म्हणेपर्यंत धाकट्याने फू करून ती विझवली आणि हॅपी बड्डे म्हणून टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांचा आहे, मेणबत्ती म्हणजे केक एवढंच गणित. मोठी सहा वर्षांची, ती लगेच रडायला लागली की आता पहिल्या रविवारचं पाप लागलं. अशी सुरुवात.

तर मुद्द्यावर येते. आम्ही वसईचे कॅथलिक, एकत्र घर, मी अंधेरीला नोकरीला. सकाळी ७:१० ला घर सोडते, रात्री साडेआठला येते, त्यातही विरार लोकलची कृपा असली तर. आजवर नाताळचं सगळं सासूबाई बघायच्या. नोव्हेंबरात त्यांची यादी तयार असायची, पहिल्या आठवड्यात पडदे, दुसऱ्यात शेव चिवडा आणि दोदोल (नारळाच्या दुधाचा हलवा), तिसऱ्यात कुलकुल नि करंज्या, मग केक, मग येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा. मी फक्त संध्याकाळी येऊन तळणीला उभी राहायचे आणि फोटो टाकायचे, खरं ते सांगते.

ऑक्टोबरमध्ये आई मागच्या पडवीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर घेऊन खोलीतल्या खोलीत चालतात. तोंड मात्र शाबूत आहे (प्रेमाने म्हणतेय, त्या हे वाचत नाहीत). पलंगावरून विचारतात, रवा आणला का, नारळ किती आणलेस. प्रमाण विचारलं तर हाताला लागेल तेवढं. आता तो हात माझा नाहीये ना!

नवरा म्हणतो सगळं विकत आण, गावातल्या दोन बायका ऑर्डर घेतात, किलोवर मिळतं. सासरे म्हणतात यंदा आजारपण आहे, नाही केलं तरी कोण विचारतंय. आणि मोठी रोज विचारते, मम्मी आपण कुलकुल कधी करणार, कारण तिला मागच्या वर्षी आजीने सांगून ठेवलंय की पुढच्या नाताळला तुला स्वतःचा कंगवा. कुलकुल कंगव्यावर वळतात हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी नंतर लिहीन.

शिवाय शाळेत कॅरल स्पर्धा, चर्चमध्ये बालगोपाळांचं नाटक (मोठी मेंढी आहे, संवाद शून्य पण कापूस भरपूर), शिंप्याकडे फ्रॉक टाकलाय त्याने २२ तारीख दिलीय, आणि माझ्या ऑफिसात डिसेंबर म्हणजे वर्षाअखेरचे सगळे रिपोर्ट. रजा दोनच शिल्लक आहेत.

तुम्ही कसं करता? काय ठेवता, काय सोडता? सण कुठलाही असो, दिवाळीवाल्यांनीही सांगा.

चिंचबोर | २ डिसेंबर, सकाळी ९:१५

वाचते आहे. आधी कुलकुलची रेसिपी द्या, मग सहानुभूती देते.

मांडवीकाठ | २ डिसेंबर, दुपारी २:०४

अगं वसईवाली, मी पणजीत, आम्ही हिंदू पण आमच्या वाड्यात दोन्ही सण सगळ्यांचे. चवथीला आमच्याकडून शेजारी नेवऱ्या जातात, नाताळात तिथून कुस्वाडाचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट येतं, क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं, आणि ताट रिकामं परत द्यायचं नसतं म्हणून माझी आई त्यात साखर तरी घालायची. तेव्हा कुलकुल खाण्याचा माझा अनुभव ३५ वर्षांचा आहे, करण्याचा १० चा.

इथे कुलकुलना किडयो पण म्हणतात, किडयो म्हणजे किडे. हे माझ्या मुलाला चौथ्या वर्षी कळलं आणि त्या दिवसापासून तो आंटीकडे किडे वळायला स्वतःहून जातो. पोरांना हातात पीठ दिलं की ती तास दीड तास बसतात, टीव्ही लागत नाही.

पण एक सांगते, शेजारच्या आंटीनेच आता दोदोल आणि बिबिंक करायचं सोडलंय. बिबिंकाचा एकेक थर वरून निखाऱ्यावर भाजत बसायला दिवस जातो, लहान पोरं घरात असताना निखारे नकोतच. दोदोल ढवळून खांदा जातो. ती दोन्ही विकत आणते आणि ताटात आपल्या कुलकुलांशेजारी बिनधास्त ठेवते. विचारलं तर म्हणते, जे पोरांच्या हातून होतं ते घरी, जे माझ्या खांद्यातून जातं ते बाजारातून. मला हा हिशेब फार पटला.

इथे तर डिसेंबर नुसता फुटलेला असतो, उद्या ३ ला ओल्ड गोव्याचं सायबाचं (संत फ्रान्सिस झेवियरचं) फेस्त, ८ ला पणजीच्या चर्चचं, १९ ला मुक्तिदिन. पोरं महिनाभर शाळेत कमी आणि फेरीत जास्त.

पेठेतली | २ डिसेंबर, रात्री १०:३०

आमच्याकडे नाताळ नाही पण शाळेमुळे आहे. नाव घेत नाही, पण मुलाच्या प्रीस्कूलने दर वर्षीप्रमाणे मेसेज पाठवलाय की २०० रुपयांच्या आतलं गिफ्ट पॅक करून, वर मुलाचं नाव लिहून, मुलाला कळू न देता ऑफिसात आणून द्या, मग सांता वाटेल. गेल्या वर्षी मी अगदी हौसेने रंगीत खडू आणले, चकचकीत कागद लावला, वर छान अक्षरात नाव लिहिलं. चिरंजीव घरी आले, गिफ्ट टेबलावर ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, आई, सांताचा क तुझ्यासारखाच आहे. डब्यावर रोज ते नाव मीच लिहिते ना, स्टिकरवर!! मी म्हटलं अरे सगळ्यांचे क सारखेच असतात. तो डबा घेऊन आला आणि दोन्ही क शेजारी ठेवले. माझ्या क ला शेवटी एक शेपटी असते म्हणे, मला ३४ वर्षं माहीत नव्हतं.

आता यंदा काय करू? खरं सांगू का? तो पाच वर्षांचा आहे.

दुप्पटबाबा | २ डिसेंबर, रात्री ११:०२

प्रिंटआउट काढा. आमचे जुळे, आम्ही ही चूक दोन प्रतींमध्ये केली आहे.

ठसकेबाज | ३ डिसेंबर, सकाळी ७:४०

सगळा मॉलवाल्यांचा बाजार आहे. आपल्या मुलांना लाल टोप्या घालून नाचवायचं आणि मार्गशीर्षातले गुरुवार कोणाला आठवत नाहीत. आपले सण काय कमी पडले का?

वसईवाली | ३ डिसेंबर, रात्री ९:१८

@ठसकेबाज, मॉलच्या बाबतीत माझं तुमच्याशी शंभर टक्के जमेल, ते मोठं प्लास्टिकचं झाड आणि कर्कश गाणी मलाही नको होतात. पण आपले सण म्हणालात म्हणून सांगते, वसईत पोर्तुगीज आले १५३४ ला आणि चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला १७३९ ला, त्या मधल्या दोनशे वर्षांपासून आमच्या घरात नाताळ आहे. आम्ही घरात कादोडी बोली बोलतो, शाळेत मराठी शिकलो, आजी लाल लुगडं नेसायची. आपल्याच गावचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, उस्मानाबादला, २०२० साली. तेव्हा हा आपलाच सण समजा. आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी आमच्या शेजारच्या काकूंकडून खिरीचा प्रसाद येतोच, उद्या येईल.

ठसकेबाज | ३ डिसेंबर, रात्री १०:०५

तुमच्यासाठी नव्हतं ते ताई, सरसकट लिहिलं, चुकलं. कुलकुल म्हणजे शंकरपाळ्यासारखं का?

चिंचबोर | ३ डिसेंबर, रात्री १०:०९

बघा, रेसिपीवर आलेच सगळे.

नगरीमामा | ४ डिसेंबर, दुपारी ४:५०

आम्ही नगरचे, प्रोटेस्टंट. आमच्याकडे गोठ्यापेक्षा गाण्यांचं प्रस्थ. लहानपणी २० तारखेनंतर रोज रात्री कॅरल पार्टी निघायची, पेट्रोमॅक्स, ढोलकी, टाळ, एक पेटी गळ्यात अडकवलेले मास्तर, घरोघर गात जायचं. ना. वा. टिळकांची भजनं तर अभंगाच्या चालीत, ऐकणाऱ्याला वाटावं वारी निघाली. प्रत्येक घरी चहा. रात्री दोन वाजता अकराव्या घरचा चहा पिऊन मी एकदा टाळ हातात धरूनच भिंतीला टेकून झोपलो होतो, सगळे पुढे गेले, त्या घरच्यांनी सकाळी आणून सोडलं.

सांगायचं कारण, आमच्या आईने काय फराळ केला होता ते मला आठवत नाही. केला असणारच. रव्याचे लाडू असावेत. वसईवाली बाई, तुमच्या सासूबाईंना विचारा की त्यांच्या लहानपणी काय असायचं, यादी बरीच लहान निघेल बघा. मैदा, साखर रेशनवर मिळायची त्या काळी, एवढे पदार्थ कुठून असणार.

हिमकण | ५ डिसेंबर, रात्री १:३५ (भारतातली वेळ)

म्युनिकहून लिहितेय, आत्ताच पोरीचा बूट दाराबाहेर ठेवून आले. इथे ५ च्या रात्री मुलं बूट पुसून ठेवतात आणि ६ ला सकाळी त्यात निकोलाउसने ठेवलेली चॉकलेटं, अक्रोड, संत्री मिळतात. तो सांता नाही बरं का, बिशपची उंच टोपी आणि काठीवाला, चौथ्या शतकातले मायराचे बिशप संत निकोलस, मायरा आताच्या तुर्कस्तानात. एक दिवस आधीच ठेवलाय हे आत्ता लिहिताना लक्षात आलं!! आज ४ तारीख आहे इथे. थांबा उचलून आणते.

आणला. सकाळी रिकामा बूट बघून काय झालं असतं देवाला माहीत.

तर आमची पंचाईत वेगळी. इकडे बायर्नमध्ये २४ ला संध्याकाळी भेटी आणतो तो ख्रिस्टकिंड, म्हणजे बाळ ख्रिस्त. किंडरगार्टनमध्ये तो. ६ ला निकोलाउस. आणि पुण्याहून आत्तेभाऊ व्हिडिओ कॉलवर सांगतो की सांता येणार. मुलीने हिशेब केला, तिघं म्हणजे तीन गिफ्टं, आणि संक्रांतीला आजी बोरन्हाणाचं पाठवते ते चौथं. बोरन्हाण तिचं दोन वर्षांपूर्वीच संपलंय.

इथली एक गोष्ट मात्र घेण्यासारखी, ॲडव्हेंट कॅलेंडर. १ ते २४, रोज एक खिडकी उघडायची, आत चॉकलेट. मी चॉकलेटवालं आणत नाही, दोरीला २४ काड्यापेट्या लटकवल्यात आणि आत चिठ्ठ्या. आजीला फोनवर एक गोष्ट सांग. बाबांच्या दोन मोज्यांच्या जोड्या लाव. आज दिवसा दिवा न लावता किती वाजता अंधार होतो ते बघ (सव्वाचार, साडेचार, फार तर). इथे साडेचार तासांचा फरक, दुपारी किंडरगार्टनमधून आणलं की आजीची जेवायची वेळ झालेली असते, त्यामुळे फोनवाल्या चिठ्ठ्या शनिवार रविवारी येतील अशा ठेवाव्या लागतात.

आणि बिस्किटं, प्लेट्सशन म्हणतात. पालकांनी करून आणायची, सोबत ॲलर्जीचा कागद. मी व्हॅनिलाकिपफर्ल करते, चंद्रकोरीसारखी, बदामाची. माझी पोरगी त्यांना करंजीचं बाळ म्हणते.

वसईवाली, तुझ्या मोठीला काड्यापेट्यांचं काम देऊन टाक, आजीच्या खोलीत बसून करेल.

पेठेतली | ६ डिसेंबर, दुपारी १:१०

@दुप्पटबाबा प्रिंटआउट काढला. आणि मुलाला सांगितलं खरं, अर्धं. म्हटलं शाळेतला सांता म्हणजे शाळेतले शिपाई मामा असतात, वेष घेतात, नाटकात घेतात तसा. तो म्हणाला माहितीये, त्यांच्या चपला ओळखल्या मी. पण तू कोणाला सांगू नकोस म्हणाला, बाकीच्या मुलांना खरं वाटतं. म्हणजे आता गुपित त्याचं आहे आणि मी सांभाळायचंय.

दुप्पटबाबा | ६ डिसेंबर, दुपारी १:२२

चपला!! हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. सोसायटीत यंदा सांता मीच आहे आणि दोघंही समोर बसणार.

वसईवाली | १४ डिसेंबर, रात्री १०:४७

सगळ्यांना एकत्र लिहिते, आठवडाभर डोकं वर काढता आलं नाही. आज तिसरा रविवार, गुलाबी मेणबत्ती, आनंदाचा रविवार म्हणतात त्याला. धाकट्याने आज फू केलं नाही, कारण ताईने त्याचं तोंड हाताने दाबून धरलं होतं. प्रार्थना झाली.

ठरलंय ते असं. दोदोल, शेव, करंज्या, जुजुब्स ऑर्डर. मांडवीकाठच्या आंटीचा हिशेब आईंना वाचून दाखवला, त्या थोडा वेळ गप्प, मग म्हणाल्या तिचा खांदा दुखतो म्हणून ती म्हणते. पण नाही नाही म्हणत पत्ता त्यांनीच सांगितला कोणाकडून आणायचं, आणि कोणाकडून अजिबात नाही तेही, सकारण. केक एकच, फळं रममध्ये भिजवायची वेळ निघून गेली, आता पोरांना चालेल असा संत्र्याच्या रसात, मनुका खजूर आदल्या रात्री फ्रिजमध्ये भिजवून. पडदे धुवायचे नाहीत. हे मी ठरवलं आणि कोणाला सांगितलेलं नाही.

नगरीमामा, विचारलं मी आईंना. त्यांच्या लहानपणी कुलकुल, नारळाची वडी आणि घरचं सुकेळं, संपलं. आणि नवे कपडे तीन बहिणींना एकाच ताग्यातले. तुम्ही बरोबर निघालात.

गोठ्यासाठी आज गहू पेरले. रात्रभर भिजवायचे आणि ताटलीत माती घालून दाट पेरायचे, नऊ दहा दिवसांत वीतभर हिरवं गवत होतं, २४ ला गोठ्यात डोंगर म्हणून मांडायचं. मोठीने दोन ताटल्या नावं घालून केल्या. धाकट्याच्या ताटलीत सध्या तळं आहे, दिवसाला सात वेळा पाणी.

आणि गव्हाणीचं सांगते. आमच्याकडे आगमनकाळात रिकामी गव्हाणी ठेवतात, मुलांनी एक चांगलं काम केलं की एक काडी पेंढा त्यात टाकायचा, म्हणजे २४ पर्यंत बाळ येशूची गादी तयार. मोठीच्या रोज मोजून दोन तीन काड्या. काल संध्याकाळी धाकटा काकांच्या गोठ्यातून दोन्ही हातात मावेल तेवढा पेंढा घेऊन आला, सगळा एकदम कोंबला आणि म्हणाला, झाली माझी कामं. घरभर कचरा. मोठी आता नवीन काडी टाकायला गेली तर जागा नाही, म्हणून तिने त्याच्यातल्या रोज तीन काड्या काढून स्वतःच्या तीन टाकायचा धंदा सुरू केलाय. तो झोपल्यावर.

मांडवीकाठ | १५ डिसेंबर, सकाळी ११:२०

तळं आजच काढ, नाहीतर गहू कुजतात आणि आंबूस वास येतो, पांढरी बुरशी धरते. ताटली कलती करून पाणी ओत, दोन दिवस नुसतं शिंपड. त्याच्या हातात स्प्रेची बाटली दे, सात वेळा मारू दे.

चिंचबोर | १५ डिसेंबर, दुपारी १२:०१

पंधरवडा झाला हो. रेसिपी.

वसईवाली | २१ डिसेंबर, रात्री ११:३५

चिंचबोर, घे बाई.

अर्धा किलो मैदा, पाव वाटी बारीक रवा, दोन चमचे गरम तुपाचं मोहन, एक अंडं, पाऊण वाटी पिठीसाखर, चिमूट मीठ, आणि नारळाचं जाड दूध लागेल तसं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं, ओल्या फडक्याखाली अर्धा तास. सुपारीएवढी गोळी कंगव्याच्या दातांवर अंगठ्याने दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी होते, वर रेघा. कंगवा अर्थात कोरा. काटा चमच्याच्या पाठीवरही होतं. मध्यम आचेवर तळायचं.

आज चौथा रविवार, सकाळची मिस्सा करून दहाला बसलो. आईंना खुर्चीत बसवलं, मांडीवर पाट. पीठ मी मळलं, त्यांनी बोट दाबून पाहिलं आणि म्हणाल्या अजून दूध. घातलं. पुन्हा बोट. आता म्हणाल्या, असं. तेव्हा मला कळलं हाताला लागेल तेवढं म्हणजे काय, दाबलेला खड्डा हळूहळू अर्धाच वर यायला हवा. हे कोणत्या कपात मोजणार.

मोठीला आजीने गुलाबी कंगवा दिला, उशाखाली ठेवला होता, ऑपरेशनच्या आधीच आणलेला म्हणे. तिने ४० वळून मोजून ठेवले. धाकट्यालाही निळा दिला, त्याने एक कुलकुल वळला, मग त्याच पिठाच्या कंगव्याने स्वतःचे केस विंचरले, मग पप्पांचे. नारळाचं दूध आणि साखर लागलेले केस वाळल्यावर कसे होतात ते विचारू नका, दोघांना अंघोळ.

त्याचे कुलकुल बटाट्याएवढे, ते वेगळे ठेवा म्हणाल्या आई, सगळ्यात शेवटी एकदम मंद आचेवर, नाहीतर वरून लाल नि आत कच्चे. पूर्वी माझ्या नवऱ्याचे असेच वेगळे तळायच्या म्हणे. सासऱ्यांनी तेवढ्यात बाहेर कामट्या नि पतंगाच्या कागदाचा तारा बांधून टाकला, नाही केलं तरी कोण विचारतंय म्हणणारे हेच.

दीड किलोचे झाले. अर्धा किलो तळतानाच संपले.

हिमकण | २२ डिसेंबर, रात्री २:१०

खड्डा अर्धा वर यायला हवा हे लिहून घेतलं. इथे बर्फ नाही, नुसता चिखल. आणि निकोलाउसने यंदा ५ लाच बूट भरला, सर्वांच्या कृपेने.

पेठेतली | २२ डिसेंबर, सकाळी ८:५०

रात्रीच्या मिस्सेला एवढी लहान मुलं जागी राहतात का गं?

वसईवाली | २२ डिसेंबर, दुपारी १:४०

छे! दुपारी बळेच झोपवायचं, तरी तिसऱ्या गाण्याला आडवी. मैदानात असते, गारठा पडतो, सतरंजी, कानटोपी, थर्मासात दूध. नेटचा फ्रॉक टोचतो म्हणून आत जुना सुती पेटीकोट. आणि परत येताना झोपलेलं पोर नवऱ्याने उचलायचं हे घरून निघतानाच ठरवून घ्यायचं.

दुप्पटबाबा | २३ डिसेंबर, रात्री १०:१५

सोसायटीचा कार्यक्रम झाला. चपला शेजाऱ्याच्या घातल्या होत्या. पोरं म्हणाली सांता म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका.

वसईवाली | २४ डिसेंबर, दुपारी ४:२०

हाहा! शेजाऱ्यांना शुभेच्छा सांगा. इकडे गोठा मांडून झाला, मोठीचं गवत ताठ, धाकट्याचं एका बाजूला वाढलंय आणि एका बाजूला टक्कल, तिथे मेंढ्या उभ्या केल्या. ऑर्डरचा माल आला, आईंनी शेव चाखून नाक मुरडलं म्हणजे तब्येत सुधारतेय. मेंढीचं नाटक काल झालं, मेंढी स्टेजवर मला हात करत होती. आता अंघोळी, मग कपडे. मोठीचा फ्रॉक कुठे ठेवलाय सापडत नाहीये, सगळी कपाटं उपसली, नंतर बोलते.

चिंचबोर | २४ डिसेंबर, दुपारी ४:२६

अगं शिंप्याकडे २२ तारीख होती ना, आणलास का?

वसईवाली | २४ डिसेंबर, दुपारी ४:२७

!!!!! स्कूटरची चावी कुठाय